गारांचा दिवस, सोयगावच्या खळ्यावर

चपला बाहेर काढा. खळ्यात चपला घालून कुणी येत नाही, तुम्हीही येऊ नका. खिशातला मोबाइल बांधावरच्या निंबाच्या ढोलीत ठेवून द्या. शंभर वर्षं मागं आल्यावर त्याला रेंज मिळणार नाही, आणि सवयीनं खाली बघत राहिलात तर आजचा दिवस चुकेल. आज सगळी माणसं वर बघणार आहेत. तुम्हीही वर बघा.

तुम्ही सोयगावात आहात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी. दक्षिणेला उभा चढ, त्यावर वेताळवाडीचा किल्ला. तो चढ चढून गेलं की मराठवाड्याचं पठार लागतं. उत्तरेला काळी जमीन उतरत उतरत तापीच्या खोऱ्याकडं जाते. राज्य निजामाचं आहे, पण बोली, भाकरी आणि बाजार खानदेशी. कापसाच्या गाड्या पाचोऱ्याच्या वाटेला लागतात. गाडीवानाच्या कमरेला निजामाचा हाली शिक्का असतो आणि सरहद्द ओलांडली की इंग्रजांचा कलदार रुपया लागतो. राज्याबद्दल एवढं पुरे, कारण आज इथं त्याबद्दल कुणीच बोलणार नाही. फाल्गुन चालू आहे, होळी होऊन गेलीय आणि खळ्यावर दादर पडलीय. हे ज्वारीचं नाव आहे, जिन्याचं नाही. रब्बीची, पांढऱ्याशुभ्र टपोऱ्या दाण्याची, खानदेशाला प्राणाहून प्यारी ज्वारी.

पायाखाली शेणानं सारवून टणक केलेली जमीन आहे. अजून उन्हं वर आली नाहीत, त्यामुळं ती तळव्यांना गार लागते. मधोमध तिवडा रोवलाय आणि त्याला जुंपलेले चार बैल, तोंडाला मुसकी बांधून, कणसांवर गोल फिरतायत. त्यांच्या खुरांखाली कणसं चुरडतात त्याचा करकर आवाज सतत चालू आहे. मागून एक पोरगा हाकारतोय, त्याचा घसा रात्रीपासूनच बसलाय. नाकात शेण, सुका कडबा, बैलाचा घाम आणि कुणीतरी नुकतीच पेटवलेली चिलीम, सगळं एकदम शिरतं. आणि मानेवर काहीतरी चावायला लागतं. ती ज्वारीची कूस. ती सदऱ्याच्या आत जाते, कोपराच्या घडीत बसते आणि खाजवलं की आणखी पसरते. आंघोळीनंसुद्धा ती पुरती जात नाही, आणि आज आंघोळीला वेळ मिळणार नाही.

गर्दी बघा किती आहे! एका शेतकऱ्याच्या खळ्यावर इतकी माणसं कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण धान्य खळ्यावर आलं की गावगाडा तिथं येतो. नांगराचे फाळ शेवटणारा लोहार आलाय, औताची डागडुजी करणारा सुतार आलाय, मोटेचं चामडं शिवणारा चांभार, मडकी देणारा कुंभार, दाढी करणारा न्हावी, सगळे आपापलं बलुतं घ्यायला फडकी घेऊन बसलेत. वर्षभर केलेल्या कामाचे पैसे कुणी मागितलेले नसतात. ते आज सुपानं मोजून मिळतात. त्यामुळं या राशीवर एका घराची नाही, दहा-पंधरा घरांची चूल अवलंबून आहे. राशीला काही झालं तर लोहाराच्या पोरांनाही उपाशी झोपावं लागेल. आज आभाळाकडं एवढे डोळे का लागलेत, ते एवढ्यावरून कळतं.

आजी तुम्हाला बघते. कोण, कुठले, असं काही विचारत नाही. सुनेला हाक मारते, "पाव्हन्याले भाकर दे वं माय." हातावर कळण्याची भाकरी पडते. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, जाड, चुलीवरून नुकतीच उतरलेली. तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यात बोटानं केलेल्या खळग्यात तेल. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं, दुसऱ्याला नाक वाहतं आणि तिसऱ्यापासून तुम्ही इथलेच होता.

आता आबांकडं लक्ष द्या. आबा म्हणजे या खळ्याचे धनी. पागोटं सैल, पायाला भेगा, डोळे बारीक. पहाटेपासून ते एक शब्द बोललेले नाहीत. मघाशी बांधावरच्या गवतावरून त्यांनी तळवा फिरवला होता, तुम्ही पाहिलंत का? तळवा कोरडाच राहिला. गेल्या काही दिवसांत रोज पहाटे दव पडत होतं, गवतात पाय ओले व्हायचे. आज दव नाही. रात्री चंद्राला खळं पडलं होतं, तेही त्यांनी पाहिलंय. आभाळ स्वच्छ असलं की रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि गार होते, म्हणून दव धरतं. वर पातळ ढगांचा थर आला की उष्णता खालीच राहते आणि गवत कोरडं उगवतं. आबांना हे कुणी असं समजावलेलं नाही. त्यांच्या तळव्याला ते ठाऊक आहे.

तळवा एकटा नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या पोरानं होळीचा डफ आणलाय. चार दिवसांपूर्वी त्याचा आवाज शिवारभर घुमत होता. आज थाप मारली तर नुसती धप्प. कातडं सैल पडलंय, म्हणजे हवेत ओल आहे. पोरगा डफ निखाऱ्यांजवळ नेऊन शेकतो, पुन्हा वाजवतो, थोड्या वेळात तो पुन्हा मऊ होतो. आजीच्या मिठाच्या मडक्याचा बुडखा ओला झालाय. चिलमीतली तंबाखू नीट पेटत नाही. बैलांवर माशा तुटून पडल्यात आणि बैल शेपट्या मारून बेजार झालेत. वारा नेहमी पश्चिमेकडून कोरडा यायचा, तो आज आग्नेयेकडून येतोय, आणि अंगाला लागला की चिकट वाटतो. यातली एकेक गोष्ट पाहिली तर क्षुल्लक. पण या माणसांनी त्या कधी वेगवेगळ्या पाहिलेल्या नाहीत.

"आभाय आज काही चांगलं नाही भो," आबा शेवटी बोलतात. मग पुन्हा गप्प. आजी त्यांच्याकडं रागानं बघते. खळ्यावर असं बोलायचं नसतं.

तेवढ्यात जोशीबुवा येतात. त्यांचंही बलुतं आहे. काखेत लाल फडक्यात बांधलेलं पंचांग, त्याची शेवटची पानं उरलीत, कारण फाल्गुन म्हणजे वर्षाचा शेवटचा महिना. नवं पंचांग पाडव्याला वाचायचं. पण लोकांना धीर कुठला? ते बसायच्या आतच प्रश्न सुरू होतात. मृगाचं वाहन काय? आर्द्राचं काय? सूर्य ज्या दिवशी नक्षत्र बदलतो त्यावरून त्या नक्षत्राच्या पावसाचं वाहन ठरतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की लोक मांडीवर थाप मारतात. कोल्हा किंवा मेंढा निघाला की तोंडं उतरतात. जोशीबुवा हसून टाळतात, "पाडवा येऊ द्या." मग बोटांवर काहीतरी मोजतात.

ते काय मोजतायत ते ऐकण्यासारखं आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत पावसाच्या गर्भाचा हिशोब लिहून ठेवला. मार्गशीर्षापासून पुढं ढग, धुकं, वारा, विजा यांवरून आभाळाला गर्भ राहिला का ते बघायचं आणि तिथून 195 दिवस मोजायचे. त्या सुमारास पाऊस जन्माला येतो. यंदा पौषात दोन दिवस दाट धुकं पडलं होतं, म्हणून जोशीबुवा आषाढ-श्रावणाबद्दल निश्चिंत आहेत. पण आत्ताचं काय? गारा कशामुळं होतात? त्याचंही उत्तर वराहमिहिराकडं आहे. गाईचं दूध कासेत फार वेळ राहिलं की घट्ट होतं, तसं वेळ टळून गेलेलं पाणी आभाळात अडकून राहिलं की घट्ट होतं आणि गारा होऊन पडतं. जोशीबुवा हे सांगतात तेव्हा खळ्यावरच्या सगळ्या बायका मान हलवतात. कासेत दूध अडकलेली गाय त्यांनी पाहिलेली आहे. तुम्हाला हसू येत असेल तर थांबा. दुपारी आपण या दाखल्याकडं परत येणार आहोत.

याच वेळी, इथून फार लांब सिमल्याच्या टेकड्यांवर बसलेले साहेब लोकही आभाळाचा हिशोब करतायत. 1875 साली हिंदुस्थानचं हवामान खातं निघालं. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्याच्या ध्यानात आलं की हिमालयात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिलं तर खाली मैदानात पाऊस ओढ देतो. त्या आधारावर 1886 पासून मान्सूनचा अंदाज दरवर्षी निघायला लागला. सोयगावच्या खळ्यावर हिमालयातलं बर्फ कुणी पाहिलेलं नाही. पण यांच्या जूनमधल्या पेरणीचं भाकीत त्या बर्फावरून केलं जातंय, हे मला फार विलक्षण वाटतं. सिमल्याचे साहेब आणि जोशीबुवा एकच धडपड करतायत: हिवाळ्यात दिसलेल्या खुणेवरून पावसाळा ओळखायचा. सिमल्याची तार मात्र या बांधापर्यंत येत नाही, आणि आली असती तरी तिच्यात आज तिसऱ्या प्रहराला सोयगावात काय होणार हे नसतं.

दुपार होते. ऊन आता सोसवत नाही. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहवत नाही, तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचताय आणि पोरं तुम्हाला हसतायत. घाम येतो तो वाळत नाही. त्यावर कोंडा चिकटतो, कोंड्यावर पुन्हा घाम. निंबाखाली जा, तिथं मडक्यातलं पाणी आहे. आता आबा जिकडं बघतायत तिकडं बघा.

वेताळवाडीच्या किल्ल्यामागं, डोंगराच्या माथ्यावर एक ढग उभा राहतोय. सकाळी तिथं काही नव्हतं. आता फुलतोय, आणि डोळ्यांदेखत वर चढतोय. खाली तापीच्या खोऱ्यातली हवा तापून डोंगराला भिडते, चढण चढते आणि वर गेली की तिच्यातली ओल ढग होऊन दिसायला लागते. तिकडं खूप उंचावर पश्चिमेकडून थंड वारा वाहतोय. खाली तापलेली, ओलसर हवा आणि वर थंडगार कोरडी हवा, अशी जोडी जमली की ढगाला वर चढायला मोकळं रान मिळतं. आबांचा हिशोब सोपा आहे. ढग माथ्यावरच राहिला तर तो पठारावर, सिल्लोडच्या अंगाला जाऊन कोसळणार. किल्ल्याचे बुरूज त्याच्या सावलीत झाकले गेले तर तो आपला. हा हिशोब फक्त या खळ्यापुरता आहे. दुसऱ्या गावात तो लागू पडणार नाही.

असं बारीक, गावापुरतं भाकीत जगभर लागतं. अमेरिकेत एरी सरोवराच्या काठच्या बफेलो शहरात हिवाळा लागताना लोक पाण्याकडं असेच डोळे लावून बसतात. सरोवर अजून उबदार असतं, त्याच्यावरून बोचरा थंड वारा जातो, वाफ उचलतो आणि काठावर येऊन अरुंद पट्ट्यांत बर्फ ओततो. शहराच्या एका टोकाला माणसं गुडघाभर बर्फात रुतलेली आणि दुसऱ्या टोकाला रस्ता कोरडा. तिथं सरोवर करतं ते इथं डोंगर करतो. सोयगावचा म्हातारा तेच बैलावरून सांगतो: एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं.

खळ्याच्या कडेला एक अनोळखी माणूस बसलाय, सकाळपासून. भगवं फडकं, गळ्यात रुद्राक्ष, काखेला झोळी. तो वऱ्हाडातून, डोंगराच्या त्या अंगाच्या कुठल्याशा गावातून आलाय आणि त्याला सगळे नाथबुवा म्हणतायत. तो गारपगारी आहे. वऱ्हाडात आणि नागपूर-वर्ध्याकडं गावोगाव हे काम करणारी घराणी होती, मूळचे नाथपंथी जोगी. गारांपासून गावचं पीक राखणं हीच त्यांची चाकरी, आणि त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य द्यायचे. इंग्रजी अमलातल्या जातींच्या नोंदीतही त्यांचं वर्णन सापडतं. रात्रीच्या आभाळात काळा आणि तांबडा रंग मिसळला, धूर आणि जाळ एकत्र दिसावा तसा, की गारपगाऱ्यानं ओळखायचं. मग हातात तलवार घेऊन मारुतीपुढं उभं राहायचं आणि ढग फिरव म्हणून विनवायचं. मारुती ऐकत नसेल तर स्वतःच्या जिवावर उदार व्हायची धमकी द्यायची. विचार करा, सगळ्या गावाचं पीक एका माणसाच्या गळ्याशी बांधलेलं! इतरांना अंदाज सांगून मोकळं होता येतं, गारपगाऱ्याला येत नव्हतं. त्याच्या अंदाजामागं त्याचा देह उभा असायचा.

नाथबुवा उठतात. काल रात्री त्यांनीही तो रंग पाहिलाय. "रात्रीच दिसलं व्हतं मले," ते आबांना म्हणतात. आबा किल्ल्याकडं बघतात. बुरूज झाकले गेलेत.

"सोडा बैलं!"

आता तुमचे हात लागणार आहेत, बाजूला उभे राहू नका. बैल तिवड्यापासून सुटतात, पोरगं त्यांना गोठ्याकडं पळवतं. उपणून झालेली रास एका कोपऱ्यात आहे, अर्धवट मळलेली पात मधे पसरलीय आणि न मळलेल्या पेंढ्यांची सुडी पलीकडं. आधी रास. तुराट्यांचे तट्टे उचला, दोघांना एक झेपतो. तुराट्या हाताला टोचतात, सालं निघतात, तिकडं लक्ष देऊ नका. राशीवर घोंगड्या, घोंगड्यांवर तट्टे, तट्ट्यांवर कडब्याच्या पेंढ्या, उतरत्या, म्हणजे पाणी बाहेर ओघळेल. लोहार तुमच्या शेजारी, न्हावी समोर. बलुतं मागायला आलेली माणसं कुणी बोलावल्याशिवाय कामाला लागलीत. पात गोळा करायला फावडी कमी पडतात तेव्हा बायका पदर खोचून हातांनी ओढतात. धुरळा इतका उडतो की शेजारचं माणूस दिसत नाही. कुणी शिंकतंय, कुणी शिव्या देतंय, एक लेकरू झाडाखाली भोकाड पसरून रडतंय. आजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडतेय, आणि तिचंच सगळे ऐकतायत.

उजेड बदलतो. ऊन पिवळट, मग हिरवट होतं. वारा एकदम पडतो. मग दुसऱ्या बाजूनं येतो, आणि तो गार असतो. घामानं भिजलेल्या पाठीवर तो लागला की तुम्ही शहारता. ढगाच्या पोटातून खाली कोसळणारी थंड हवा आहे ती. गारा तिच्या मागोमाग. निंबाची सगळी पानं उलटी होतात. लांबून डोंगराच्या बाजूनं एक आवाज यायला लागतो, गडगडाट नाही, एकसारखा चालू राहणारा खळखळाट. आबा म्हणतात, "आल्या."

पहिली गार तुमच्या खांद्यावर बसते. गोफणीचा खडा लागावा तशी कळ येते. डोक्यावर हात घ्या आणि गोठ्यात पळा! बाकीचे आधीच पोचलेत. गोठ्यात बैल, माणसं, लेकरं, कोंबड्या, सगळे एकमेकांना चिकटून. वर पत्रा नाही, गवताचं छप्पर आहे, म्हणून आवाज बोथट येतो. पण खळ्यावरच्या टणक जमिनीवर गारा आपटून हातभर उंच उडतात आणि त्याचा कडकडाट कानात बसतो. बोलणं ऐकू येत नाही. आजी दारात जाते आणि लोखंडाची पहार अंगणात फेकते. लोखंड पाहून गारा थांबतात अशी तिची श्रद्धा. तिकडं पावसात, मारुतीच्या ओट्यावर, नाथबुवा एकटे उभे आहेत. ते काय बोलतायत ते इथवर येत नाही. त्यांच्या उघड्या डोक्यावर गारा पडतायत ते मात्र दिसतं.

किती वेळ गेला? चिलीम ओढून व्हायला लागतो तेवढाही नाही. खळखळाट पातळ होतो, मग नुसता पाऊस, मग तोही थांबतो. पोरांना आता कुणी आवरू शकत नाही. अंगण पांढरं झालंय! काळ्या जमिनीवर, शेणाच्या ढिगावर, उलट्या घमेल्यात, सगळीकडं पांढरं. तुम्हीही बाहेर या. एक उचला.

बोराएवढी आहे. आजच्या गारा हलक्याच म्हणायच्या. लिंबाएवढ्या पडल्या की शेळ्या मरतात. तळहातावर घेतली की आधी थंड लागते, मग चटका बसल्यासारखी, मग बोटं बधिर होतात. सोयगावच्या माणसाला बर्फाचा स्पर्श आयुष्यात असाच मिळतो, वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या फाल्गुनात किंवा चैत्रात, आणि तोही पीक पणाला लावून. लेकरं तोंडात टाकतात, दातांवर वाजवतात, एकमेकांच्या सदऱ्यात घालतात. विळ्यानं एक गार मधोमध कापा. आत गोल कडी दिसतात, एक दुधी, एक काचेसारखी आरपार, पुन्हा दुधी.

वराहमिहिराचा दाखला आठवतोय ना? आता या कड्यांकडं बघा. जमिनीपासून चार-साडेचार किलोमीटर वर गेलं की हवा गोठणबिंदूच्या खाली जाते. तिथं असे थेंब असतात की जे शून्याखाली गेले तरी गोठत नाहीत, कशाला तरी चिकटायची वाट बघत पाणीच राहतात. ढगातून वर उसळणारा वारा इतका जोराचा असतो की तो बर्फाच्या बारीक दाण्याला खाली पडूच देत नाही. दाणा त्या थेंबांत झेलला जातो आणि थरावर थर चढत जातात. झटकन गोठलं तर हवा आत कोंडते आणि थर दुधी होतो. हळूहळू गोठलं तर आरपार. वजन वाऱ्याला पेलेनासं झालं की गार खाली येते. म्हणजे पाणी वर अडकून राहतं, वेळेवर उतरत नाही आणि म्हणून कठीण होतं, एवढं त्या उज्जैनच्या माणसानं नुसत्या नजरेनं बरोबर हेरलं होतं. वारा त्याला दिसला नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वी ढगाच्या पोटात दुर्बीण घालायची सोय नव्हती. गाईची कास होती, तिच्यावरून तो जिथवर पोचला ते मला थोर वाटतं.

आजी गारा वेचून मातीच्या बुधल्यात भरतेय. वितळल्यावर ते पाणी जपून ठेवायचं, कुणाला भाजलं तर लावायला. सूनबाई हरभऱ्याच्या वावराकडं गेलीय. तुम्ही तिच्या मागं जा आणि श्वास घ्या. फुटलेल्या घाट्यांचा, फाटलेल्या पाल्याचा, हरभऱ्याच्या आंबेचा आणि ओल्या मातीचा वास इतका दाट आहे की तोंडाला पाणी सुटतं. आणि सुटल्याबद्दल वाईटही वाटतं, कारण हा नुकसानीचा वास आहे. उशिरा पेरलेला हरभरा झोडपला गेलाय. गव्हाचा एक पट्टा आडवा झालाय. आंब्याखाली मोहोराचा सडा पडलाय. यंदा लोणच्याच्या कैऱ्या कमी. सूनबाई काही बोलत नाही, खाली बसते आणि फुटलेले घाटे ओच्यात भरायला लागते. ओले दाणे आहेत, आजच्या आज खाल्ले पाहिजेत.

हे सगळं तुम्ही पुढच्या काळात पुन्हा पाहणार आहात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपीट लागोपाठ होत राहिली आणि हातातोंडाशी आलेलं रब्बी पीक झोपलं. तेव्हा तलवार घेऊन मारुतीपुढं उभा राहणारा कुणी नव्हता. आता तुमच्या मोबाइलवर मेघदूत ॲप आहे, विजेची सूचना देणारं दामिनी आहे, आणि हवामान खात्याचा इशारा दोन-दोन दिवस आधी येतो. तो खूप मोलाचा आहे. आबांना तो मिळाला असता तर कालच रास घरी गेली असती. पण त्या इशाऱ्यात जिल्हा असतो आणि "तुरळक ठिकाणी" असतं. तुरळक म्हणजे आपलं की शेजारचं, हे आजही शेतकऱ्याला बांधावर उभं राहून डोंगराकडं बघूनच ठरवावं लागतं. अशी माणसं अजून सोयगावच्या शिवारात आहेत. हवामानाचं शास्त्र शिकणाऱ्या पोरांनी त्यांच्याकडं वही घेऊन बसावं असं मला मनापासून वाटतं. ते ज्या खुणा सांगतील त्यातल्या काही चुकीच्या निघतील. पण काहींमध्ये त्या एका गावाचं आभाळ असेल, आणि ते दुसऱ्या कुठं मिळणार नाही.

चला, परत खळ्यावर. तुमचं काम संपलेलं नाही. "रास उघडा," आबा म्हणतायत. झाकून ठेवली तर आतली ऊब आणि बाहेरची ओल मिळून दाणा काळा पडेल. कडबा काढा, तट्टे उचला, घोंगड्या ओढा. घोंगड्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्यात की चार जण लागतात. आता राशीत कोपरापर्यंत हात घाला. वरचे दाणे गार आहेत. वीतभर आत गेलं की उबदार, कोरडे, बोटांमधून सळसळ निसटणारे. आबा मूठ भरून काढतात, एक दाणा दातांखाली धरतात. कट्ट असा आवाज येतो. सगळे तो आवाज ऐकायलाच थांबलेले असतात.

मग वाटप सुरू होतं आणि वादही. जोशीबुवा म्हणतात, पाणी टळलं होतं, पडणारच होतं. लोहार म्हणतो, पलीकडच्या शिवारात टिपूस नाही, ती काय जादू? न्हाव्याचं म्हणणं, नाथबुवांनी फिरवल्या म्हणून तर बोराएवढ्याच पडल्या. "फिरवल्या तर हरभरा कोनं झोडपला मग?" आजी विचारते, आणि त्यावर कुणाकडं उत्तर नाही. नाथबुवा टाळूवरच्या टेंगळाला हळद लावून घेतायत. ते वादात पडत नाहीत. आबा सूप भरतात, आधी लोहाराच्या फडक्यात ओततात, मग सुताराच्या, मग चांभाराच्या. नाथबुवा या गावचे बलुतेदार नाहीत, त्यांचा हक्क कुठंच लिहिलेला नाही. आबा त्यांच्यापुढं येऊन थांबतात, टेंगळाकडं बघतात आणि सूप शिगोशीग भरून झोळीत रिकामं करतात.

"उद्या कुठं?" आबा विचारतात.

"फर्दापूर. अन् तुमाले उद्या उपनायचं असंल तर सकायीच उपना. वारा पश्चिमेचा येईन, पन दुपारलोकच."

आबा बोट ओलं करून हवेत धरतात, मान हलवतात आणि पोराला उपणायची वावडी उभी करून ठेवायला सांगतात. चुलीकडून आजीची हाक येते. ओल्या हरभऱ्याची आमटी झालीय, लसूण-मिरची जास्तच पडलीय, आणि पाव्हण्यानं हात धुवून यावं.